सिकरूमच्या व्हरांड्यातली शाळा

शाळेतून फोन आला तेव्हा माझी गाडी महाबळेश्वरच्या स्टँडवर लागलेली होती. मी एस.टी.त कंडक्टर आहे. ड्रायव्हर चहाला गेले होते आणि मी रिकाम्या गाडीत पाय पसरून बसले होते.

"प्रणवची आई ना? मी होस्टेलची मेट्रन, शांताक्का. लेकराला कांजिण्या आल्यात. घाबरू नका. ताप हाय, डॉक्टर येऊन बघून गेलेत. पण घरचं कुणी जवळ राहिलं तर त्याला बरं वाटंल."

प्रणव माझा मुलगा, बारा वर्षांचा. बिदरजवळच्या एका इंग्रजी निवासी शाळेत सहावीला आहे. सासूबाई होत्या तोवर घरी त्याला सांभाळायला माणूस होतं. त्या गेल्या, नवरा सौदीत गाडी चालवतो आणि माझी ड्युटी कधी पहाटेची तर कधी मुक्कामाची. हुमनाबादला दिलेली माझी धाकटी बहीण सुनंदा म्हणाली, "आमच्याकडं चांगली शाळा हाय, पोरं-पोरी एकत्र शिकतात. मी जवळ हायेच की." जून महिन्यात मी त्याला तिथं सोडून आले.

पहिले दोन महिने तो फोनवर रडायचा. मग रडायचा थांबला. फोनवर नुसतं "हो" आणि "बरं" म्हणायला लागला. त्याचं रडणं थांबलं तशी माझी झोप उडाली. मी डेपोत अर्ज करून ऑफिसातली बसून करायची ड्युटी मागितली होती आणि साहेबांनी ती द्यायचं कबूलही केलं होतं. म्हणजे फोन आला तेव्हाच मनात ठरलेलं होतं: पोराला बरं करायचं आणि दाखला काढून घरी आणायचं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर."

हुमनाबाद

सोलापूर मागे पडलं की रस्ता सरळ होतो आणि सगळी ट्रकांची दुनिया सुरू होते. हुमनाबादच्या फाट्यावर ढाबे, टायरवाले, बॉडी बांधणारे, आणि चारी दिशांनी येणाऱ्या बसगाड्या. सुनंदाचं घर तिथून जवळच. नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान. घरात सगळे कन्नडमध्ये बोलतात आणि मला बघितलं की तेच वाक्य मराठीत पुरं करतात.

सुनंदाच्या सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. ताटावर बसल्यावर ते म्हणाले, "पोराला न्यायला आल्यासारखं तोंड कामून केलंय तुम्ही?"

मी दचकले. म्हटलं, "आजारी आहे हो तो."

"आजारी हाय तर बरा व्हईल," म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. तिकडची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडते. तिच्यावर शेंगांची चटणी आणि दही. आणि अंबाडीची भाजी, जिला ते पुंडी पल्या म्हणतात. आमच्याकडे अंबाडी इतकी आंबट करत नाहीत. मला ती तिथं फार आवडली.

दुपारी बिदरच्या बसमध्ये बसले. कंडक्टर बाईच होती, माझ्याच वयाची. तिकडच्या बायकांना सरकारी बसचं तिकीट शून्य असतं, त्यामुळे ती प्रत्येकीचं आधार कार्ड बघत होती. माझं बघून हसली. "सातारा? मग तुम्हाला तिकीट लागतंय, अक्का." मी मुकाट्यानं काढलं. दुसऱ्याकडून तिकीट घ्यायची मला सवय नाही, हात उगाच मशीन शोधत होता.

पुढे एका थांब्यावर ती नोंद करायला खाली उतरली. शेवटचा माणूस चढला, दार लागलं आणि माझ्या हातानं मला न विचारता पत्र्यावर दोन थापा मारल्या. "चला!" असंही ओरडले असेन. ड्रायव्हरनं गाडी काढली. मागून ती बिचारी शिट्टी वाजवत पळत आली तेव्हा सगळी बस उभी राहून ओरडत होती. ती धापा टाकत चढली आणि म्हणाली, "कुणी थाप मारली?"

मी हात वर केला. "चुकले. मी पण कंडक्टर आहे. वीस वर्षांची सवय."

ती कपाळाला हात लावून हसली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि बिदरच्या अलीकडचं नौबाद येईपर्यंत आम्ही दोघींनी सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, पाठीचं दुखणं आणि मुक्कामाच्या खोल्यांवर इतक्या गप्पा मारल्या की उतरताना तिनं माझी पिशवी खाली दिली.

शाळा

बिदर जवळ आलं की काळी जमीन संपते आणि एकदम लाल होते. जांभ्याचा माळ. फेब्रुवारी होता, पळस फुलला होता. शाळा त्या माळाच्या कडेला, खाली ज्वारीची काढणी चाललेली शेतं. लाल दगडाच्या बैठ्या इमारती, मध्ये मोठं मैदान. रिक्षातून उतरले तेव्हा मैदानात खो-खो चालला होता, मुलं आणि मुली एकाच संघात. मी साताऱ्याजवळच्या ज्या शाळेत शिकले तिथंही मुलं-मुली एकाच वर्गात होती. पण दहा वर्षांत मी एकाही मुलाशी बोलले नव्हते. इथं एक मुलगी एका मुलाच्या पाठीत खो देऊन त्याला "अरे ऊठ ना लवकर!" म्हणून ओरडत होती.

सिकरूम म्हणजे एका लांब व्हरांड्यावरच्या दोन खोल्या, एक मुलांची, एक मुलींची. दारावर कडुलिंबाचे डहाळे लावलेले. शांताक्का उंच, गोऱ्या, कपाळावर विभूती. म्हणाल्या, "डॉक्टरांचं औषध बी चालू हाय आणि हे बी. दोन्हीकडून बरं व्हावं." मग विचारलं, "तुम्हाला ह्या आल्यात का कधी?" मी म्हटलं, लहानपणीच येऊन गेल्यात. "मग बिनघोर जा आत."

प्रणव भिंतीकडे तोंड करून झोपला होता. अंगभर फोड, पापणीवरसुद्धा. मी कपाळावर हात ठेवला तसा त्यानं डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला,

"आई, तू कामून रडायलीस?"

कामून! रडायलीस! माझ्या साताऱ्याच्या पोराच्या तोंडात ही भाषा. मला हसूच आलं आणि रडू थांबलं.

पहिले दोन दिवस ताप चढता होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुंगीत बडबडायला लागला. मी जवळ वाकले. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: "बिडो... बिडो..." मला काही कळेना. माझंच मूल तापात बोलतंय आणि मला त्याचा अर्थ कळत नाही, हे फार विचित्र वाटलं. शांताक्का आल्या तेव्हा विचारलं.

"बिडो म्हणजे सोड," त्या म्हणाल्या. "सोड रे, जाऊ दे."

मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. पोरगं तापात म्हणतंय मला सोडा, जाऊ द्या. मी त्याच संध्याकाळी प्राचार्यांना भेटले आणि दाखल्याचं बोलले. ते मवाळ, वयस्क गृहस्थ. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखला देऊ. पण तो बरा झाल्यावर त्याला एकदा विचारा. तेवढंच माझं मागणं." मी हो म्हणून आले.

व्हरांडा

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणवचा ताप उतरला होता आणि व्हरांड्यात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बघते तर एक बाई हातात पुस्तक घेऊन दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांच्या मधोमध बसलेल्या. त्या फरहाना मॅडम, इंग्रजीच्या. बिदरच्याच.

"आदाब, बहेनजी," म्हणाल्या. "बच्चे क्लास में नहीं आ सकते तो क्लास इधर आना पडता ना?"

आणि त्यांनी खिडकीतून शिकवायला सुरुवात केली. एका खिडकीत प्रणव, दुसऱ्या खिडकीत एक मुलगी. तिला मी तोवर फक्त खोकताना ऐकलं होतं. तिचं नाव भाग्यश्री, औराद तालुक्यातली, सातवीत शिकणारी. तिला प्रणवपेक्षा जास्त फोड होते. घरी तिच्या आईला नुकतंच बाळ झालेलं, त्यामुळे घरचं कुणी येऊ शकत नव्हतं. वडील रोज फोन करायचे.

मी आपली प्रणवचे कपडे धुवायला घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि ऐकत राहिले. धडा एका म्हाताऱ्या माळ्याचा होता. मॅडम एक वाक्य वाचायच्या आणि विचारायच्या, हा माणूस असं का वागला असेल? दोघं दोन खिडक्यांतून भांडायचे. भाग्यश्री म्हणायची तो रागीट आहे, प्रणव म्हणायचा तो एकटा आहे. सगळं इंग्रजीत. मला निम्मं कळत होतं. प्रणव अडखळायचा, चुकीचा शब्द वापरायचा, मॅडम तो शब्द नीट करून परत त्याच्याच हातात द्यायच्या आणि तो तसाच पुढे बोलायचा. घरी असताना हा मुलगा पाहुण्यांना स्वतःचं नाव सांगायला लाजायचा.

त्या आठवड्यात मी ती शाळा व्हरांड्यातूनच बघितली. सकाळी नाश्त्याला सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपम्यासारखा प्रकार. मुलं-मुली पाळीनं वाढतात आणि आपापली ताटं आपणच घासतात. एक उंच मुलगा घासलेलं ताट उन्हात धरून बघायचा, डाग राहिला की परत जायचा. माझ्या माहेरी भावांनी कधी ताट उचललं नाही. दिवसभर इंग्रजीतच बोलायचा नियम, पण खेळाची घंटा झाली की मैदानावर एकदम चार भाषा उधळायच्या: कन्नड, मराठी, दखनी, आणि तेलंगणाच्या सीमेकडून आलेल्या पोरांची तेलुगू. बुधवारी आमच्या समोरच, मैदानाच्या कडेला शिवणाचा तास. मुलगे शर्टाला बटणं लावतात. एकानं आपल्याच पँटला शर्ट शिवून टाकला आणि तसाच उठला. तो प्रकार बघून आमच्या दोन्ही खिडक्या हसून हसून दमल्या.

वर्गातली मुलं दुपारी व्हरांड्याच्या खाली, शांताक्कांनी आखलेल्या खडूच्या रेघेपलीकडे उभी राहायची आणि प्रणवला दिवसभराचं सांगायची. मी कंडक्टर आहे हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. प्रणवनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे. "आंटी, तुमच्या घाटात बस मागं येते का?" "आंटी, तुमच्याकडं शिट्टी हाय का?" मी म्हटलं, आमच्याकडे घंटा असते, एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. त्यानंतर माझ्यासमोरून जाताना प्रत्येक पोरगं "टिंग टिंग" करूनच जायचं.

भाग्यश्रीचा ताप उतरत नव्हता. चौथ्या दिवशी ती उशीत तोंड खुपसून रडत होती. केसांत फोड झालेले, विंचरता येईना, जटा झालेल्या. शांताक्का म्हणाल्या, कापावे लागतील बहुतेक. मी खोबरेल तेल कोमट केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी एकेक बट मोकळी करत बसले. सगळी दुपार गेली.

"मावशी, दुखतंय," म्हणायची.

"मग ओरड की. ओरडायला काय होतंय?"

"मोठ्या पोरी ओरडत न्हाईत."

"मी अजून ओरडते," म्हटलं. "भर गाडीत."

ती हसली. केस कापावे लागले नाहीत. त्या रात्री तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा तिनं तो माझ्याकडे दिला. ते आधी लेकीच्या केसांचं विचारत राहिले. मग म्हणाले, "अक्का, मी काय बोलू? तुम्ही हाव तिथं, बस." मी फोन परत भाग्यश्रीच्या कानाला लावला.

तिलाच मी एकदा हळूच विचारलं, प्रणव तापात बिडो, बिडो म्हणत होता, त्याला इथून जायचंय का गं?

ती खो खो हसायला लागली. "मावशी, ते क्रिकेटचं हाय! उंच कॅच आला की दोघं-तिघं पळतात ना, मग ज्याचा कॅच हाय तो ओरडतो, बिडो, सोड, माझा हाय! प्रणव सारखा ओरडतो तसं. आणि मग कॅच सोडतो."

मीही हसले. पण मनातलं पूर्ण गेलं नाही. प्राचार्यांना दिलेला शब्द होता, विचारायचं होतं, आणि मी रोज पुढे ढकलत होते. त्यानं "ने" म्हटलं तर कसं, याची मला भीती नव्हती. तो माझ्यासाठी म्हणून "ने" म्हणेल, याची होती.

मैदान

खपल्या पडल्या, डॉक्टरांनी दोघांना मोकळं केलं. शनिवार होता. शनिवारच्या प्रार्थनेनंतर कुणीतरी बाहेरचं माणूस मुलांशी बोलतं अशी तिथली पद्धत. फरहाना मॅडम म्हणाल्या, "आज आप."

"मी? मला इंग्रजी येत नाही."

"आप मराठी में बोलो. प्रणव ट्रान्सलेट करेगा."

सगळी शाळा मैदानात मांडी घालून बसलेली. मी कट्ट्यावर, शेजारी प्रणव, तोंडावर डाग, अंगावर ढगळ झालेला शर्ट. भरलेल्या गाडीत मला कधी भीती वाटली नाही, पण तिथं वाटली. मी माझ्या कामाचं सांगितलं. पहिल्या दिवशी एका आजोबांना उलट्या दिशेचं तिकीट कसं दिलं. घाटात गाडी बंद पडल्यावर सगळ्यांनी मिळून कशी भेळ खाल्ली. मी एक वाक्य बोलायचे, प्रणव इंग्रजीत सांगायचा. मुलं माझ्या वाक्यावर थोडी हसायची आणि त्याच्या वाक्यावर जास्त. तो काहीतरी पदरचं घालत होता हे उघड होतं. मी त्याच्याकडे डोळे मोठे केले. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

मग मुलांनी प्रश्न विचारले. पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी उठली आणि मराठीतच म्हणाली, "आंटी, तुम्ही इथं कामून आलता?"

खोटं बोलायला सुचलं नाही. मी म्हटलं, "प्रणवला घरी घेऊन जायला."

प्रणवनं ते लगेच इंग्रजीत सांगितलं नाही. त्याला हे माहीत नव्हतं. पोरं त्याच्याकडे बघायला लागली, मराठी न समजणारी शेजारच्याला विचारायला लागली. मला वाटलं, मी हे काय करून बसले. एकट्यात, नीट, जवळ घेऊन विचारायची गोष्ट.

तो माझ्याकडे वळला. क्षणभर अगदी बापासारखा दिसला. मग मैदानाकडे तोंड करून त्यानं इंग्रजीत वाक्य सांगितलं. घर, आई, एवढं मला कळलं. पण तो थांबला नाही. आणखी तीन-चार वाक्यं बोलला, भरभर. मैदानात आधी हशा, मग टाळ्या. मागून कुणीतरी "टिंग टिंग" ओरडलं.

मी कट्ट्यावरून उतरले ती थेट भाग्यश्रीकडे. "काय म्हणाला गं तो?"

ती जपून, शब्दाला शब्द लावत सांगायला लागली. "म्हणाला, माझी आई मला घरी न्यायला आलीय, हे मला आत्ताच कळलं. मी परीक्षा झाली की सुट्टीत जाणार हाय. आणि जूनमध्ये परत येणार हाय. तोपर्यंत वर्गातली माझी खिडकीजवळची जागा कुणी घ्यायची न्हाई."

नंतर आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो. मी म्हटलं, "प्रणव, माझ्यासाठी म्हणून काही बोलू नकोस. तुला इथं आवडतं का?"

तो बोटांवर मोजायला लागला. "सगळं न्हाई आवडत. पहाटे उठायला न्हाई आवडत. पुंडी पल्या न्हाई आवडत. रविवारी संध्याकाळी घरची आठवण येते." मग म्हणाला, "पण मला आता जमायलंय, आई. आत्ता कुठं जमायलंय."

"मग फोनवर बोलत का नव्हतास?"

"मागं रांग असते. सगळे ऐकत असतात." मग मी त्याला ऑफिसातल्या ड्युटीच्या अर्जाचं सांगितलं, तसा म्हणाला, "तू ऑफिसात बसून काम करणार होतीस माझ्यासाठी?"

"हो."

"तुला न्हाई जमणार ते."

घंटा झाली. तो उठला, माझ्या गळ्यात हात टाकले. सगळ्यांसमोर, हे विशेष. आणि वर्गाकडे पळाला.

परत

निघताना शांताक्कांनी हुग्गीचा डबा दिला, म्हणजे गव्हाची खीर, गूळ आणि खसखस घातलेली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मध्येच धरलं. "तुम्ही दोन लेकरं सांभाळलीत. पाया मी पडू का?" फरहाना मॅडमचे मी मराठीत आभार मानले, त्यांनी दखनीत परतवले, दोघींनाही सगळं समजलं. प्राचार्य दारापर्यंत आले आणि दाखल्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

माझ्या मुलाला आईशिवाय राहायला शिकवणं मला जमलं नसतं. ते या माणसांनी केलं, आणि मी आल्यावर मला त्याच्याजवळ बसायला जागाही दिली.

हुमनाबादच्या फाट्यावर सोलापूरच्या गाडीची वाट बघत असताना नवऱ्याचा फोन आला. ट्रकांच्या आवाजात मला एक कान बंद करून बोलावं लागलं.

"निघालीस? आहे ना तो बरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "तो सुट्टीत येणार आहे. त्यानं सगळ्या शाळेसमोर सांगितलंय."